कार्ड आणील त्याला मशीन

इंदूर
११ जानेवारी १९९८

चि. जयवंतास जिजाताईचे आशीर्वाद.

दिवाळीत तुझं पत्र आलं, उत्तर द्यायचं राहून गेलं. शाळेत संमेलन आणि घरी गुडघे, दोन्ही एकदमच उभी राहिली. मृदुलाचा खोकला थांबला का?

आज कामासाठी लिहिते आहे. माझी भाची नीरा बडोद्यातच, समा भागात दिली आहे, हे तुला माहीत आहे. लग्नाला तू आला नव्हतास, तेव्हा तिनं तुला पाहिलेलं नाही आणि तिच्या सासरच्यांनीही नाही. आता वाटतं, बरंच झालं. तिची आई, म्हणजे माझी नणंद, गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. बापाचं छत्र त्याआधीच गेलेलं. तेव्हापासून ती माझ्याजवळ वाढली. तिला माहेर म्हणून या जगात मी एकटी.

स्पष्टच लिहिते. तिचा नवरा यशराज तिच्यावर हात उचलतो. सहा वर्षं झाली. बाहेरून माणूस गोड. मी दोनदा येऊन समजावून गेले, दोन्ही वेळा माझ्या पाया पडला आणि माझी पाठ वळल्यावर त्याचंही तिच्या पाठीवर निघालं. आता नीरानंच ठरवलं आहे. आमच्या शाळेच्या कचेरीत टायपिस्टची जागा भरायची आहे, एक जुलैला रुजू व्हायचं. अबोलीला, म्हणजे तिच्या चार वर्षांच्या मुलीला, घेऊन ती इथं येणार. तोवर त्या घरात कुणालाही वास लागता कामा नये.

लग्नात मी तिला माझा लहान टाइपरायटर दिला होता, पेटीसकट. तो सासूनं माळ्यावर टाकला आणि तिथून तो खाली पडला. शाळेच्या पगारात दोघींचं भागणार नाही, संध्याकाळी घरी टायपिंगची कामं घ्यावी लागतील, म्हणून ते मशीन हवं. घरात ती सांगणार आहे की भंगारात दिलं. तुझ्याकडे घेऊन येईल. नीट कर, आणि ती मागेल तेव्हाच दे. तिच्या घरी काही कळवू नकोस.

जिजाताई

बडोदे
२ फेब्रुवारी १९९८

ती. जिजाताईस जयवंताचा नमस्कार.

तुझी नीरा येऊन गेली. मशीन रिक्षात घालून आणलं, वर भाजीची पिशवी आणि पिशवीवर मेथी. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे मेथी दुरुस्त होत नाही. तेव्हा हसली. हसताना एक हात तोंडापुढे धरते, तो का धरते ते मग दिसलं. ओठाला आतून जखम होती. मी मशीन उघडून बसलो.

कॅरेज वाकलं होतं, चार अक्षरं एकमेकांत अडकली होती. आठ दिवसांत सरळ केलं. आता असं चालतं की मलाच सोडवेना.

तुला माझी रीत माहीतच आहे. मशीन झालं की मी साध्या कागदावर तपासत नाही. गिऱ्हाइकाच्या नावाचं पोस्टकार्ड घेतो आणि त्याच मशीनवर त्यालाच कळवतो: आपलं मशीन तयार आहे, हे कार्ड त्यावरच टाइप केलं आहे, येताना कार्ड आणावे. इंग्रजी तीन ओळी, गेली तीस वर्षं त्याच. कार्ड हीच पावती. कार्ड आणील त्याला मशीन. आजवर एकही मशीन चुकीच्या हातात गेलेलं नाही. नीराच्या मशीनला मात्र तू सांगितलंस म्हणून साधा कागद लावला. जेवून हात न धुतल्यासारखं वाटलं.

नावपत्ता मी तिच्याकडूनही वहीत लिहून घेतला. ती द्यायला तयार नव्हती. म्हटलं, रीत आहे, नुसता लिहून ठेवतो.

काल पुन्हा आली. वाटलं न्यायला आली. तर म्हणे, "काका, जरा बघू?" पेटी उघडली, दुकानाकडे पाठ करून पाच मिनिटं बसली आणि पेटी लावून निघून गेली. ताई, न्यायचं नाही तर माणसं दुरुस्तीला टाकतात कशाला? माझ्याकडे अशा तीस पेट्या आहेत. नीराची एकतिसावी.

वकील प्रतापसिंहरावांचं मशीन ब्याण्णव सालापासून पडून आहे. ते रोज दुकानासमोरून कोर्टात जातात. मला बघितलं की रस्ता ओलांडतात. आता त्यांच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आहे. सरळ सांगावं ना, की जयवंतराव, आता नको. पण नाही. "काले आवुं छुं", उद्या येतो, म्हणतात. त्यांचा तो उद्या सहा वर्षं चालला आहे.

मृदुलाचा खोकला आहे तसाच आहे. दुकानातलं सामान घरी आणता, त्याची धूळ, म्हणते. दांडिया बाजारातल्या आमच्या दीड खोलीत पलंगाखाली अकरा मशीनं आहेत हे खरं.

तुझा,
जयवंत

इंदूर
२६ फेब्रुवारी १९९८

चि. जयवंतास आशीर्वाद.

तुझ्या पत्रातल्या ओठाच्या ओळीनं माझी झोप गेली. पण बरं केलंस, लिहिलंस. नीरा मला असलं काही कळवत नाही. तिचं पत्र शाळेच्या पत्त्यावर येतं, त्यात अबोलीनं काढलेली चित्रं असतात आणि "मी मजेत" असतं.

जागेचं पक्कं झालं. संस्थेच्या लोकांनी नीराच्या नावाला मान डोलावली आहे. एक जुलैला मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर राहायचं, नाहीतर यादीतली दुसरी मुलगी घेणार. उन्हाळ्याच्या सुटीत "मामीकडे चार दिवस" म्हणून निघायचं आणि परत जायचं नाही.

मशीन तुझ्याकडेच राहू दे. ती नेत नाही त्याला कारण आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी रीत मला पाठ आहे, पण या एका पेटीला ती लावू नकोस म्हणजे झालं.

जिजाताई

बडोदे
१४ एप्रिल १९९८

ती. जिजाताईस नमस्कार.

वाईट बातमी आहे. दुकान सोडावं लागणार. मालक गुणवंतभाई सकाळी आले, खुर्चीवर बसले, सगळ्या फळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जयवंतकाका, हवे आ भंगार क्यां सुधी राखशो?" म्हणजे, आता हे भंगार कुठवर ठेवणार. त्यांना जागा मुलासाठी हवी आहे. तो तिथे कॉम्प्युटरचे क्लास काढणार. वीस मेपर्यंत मोकळं करून द्यायचं. माणूस वाईट नाही, मुदत मागितली असती तर दिली असती. पण मला मागवेना. गेल्या महिन्यात दुकानात किती नवी मशीनं आली विचारशील तर एकही नाही.

माझी चिंता वेगळी आहे. या एकतीस पेट्या. मी गेल्यावर भंगारवाला येऊन काट्यावर टाकून नेणार. मी हातानं सरळ केलेली अक्षरं, ताई, आणि ती लोखंड म्हणून जाणार. मला ते बघवणार नाही. वही बंद करायची तर प्रत्येक नावावर काट मारून बंद करायची, असं मी ठरवलं आहे.

नीरा मार्चपासून फिरकलेली नाही. तिच्या पेटीचं काय करू? घरी आणली तर मृदुला मला पेटीसकट बाहेर काढेल, पलंगाखाली आता उंदरालाही जागा नाही. तीस तारखेच्या आत कळव. एसटीडीवर बोललो असतो, पण आमच्या बूथवर मागे पाच जण उभे असतात आणि तू म्हणालीस कुणाला वास लागू नये.

जयवंत

बडोदे
९ मे १९९८

ती. जिजाताईस नमस्कार.

तुझं उत्तर आलं नाही. परीक्षेच्या कामात असशील असं समजतो.

दोन मेला मी शेवटचं काय ते करून टाकलं. एकतीस कार्डं आणली. एकेक पेटी उघडली, पुसली, शाई बघितली आणि ज्याच्या त्याच्या मशीनवर ज्याचं त्याचं कार्ड टाइप केलं. तीन ओळींखाली चौथी घातली की दुकान वीस तारखेला बंद होत आहे. दिवसभर दुकानात असा आवाज चालला होता की समोरचा झेरॉक्सवाला बघायला आला.

आणि लोक आले, ताई! प्रतापसिंहराव स्वतः आले, रस्ता ओलांडून, पण या बाजूला. मशीन मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, याच्यावर मी पहिला दावा लिहिला होता. एक निवृत्त मामलेदार आले, त्यांनी उभ्याउभ्या स्वतःचं नाव टाइप केलं, कागद काढून खिशात घातला आणि मशीन इथेच ठेवून गेले. एक बाई आल्या, त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वीच गेले. त्यांच्या नावानं कार्ड आलं म्हणून रडल्या. मीही रडलो. आजपर्यंत एकवीस पेट्या गेल्या.

आता मुद्द्याचं सांगतो, रागावू नकोस. नीरालाही कार्ड टाकलं. एकट्या तिचंच राहिलं असतं तर तिची पेटी भंगारात जाणार होती. कार्डावर तिचं एकटीचं नाव घातलं, बाकी त्याच ओळी. त्यात कुणाला काय कळणार?

आणि बघ, काय झालं. काल तिचा नवरा स्वतः आला. कार्ड शर्टाच्या खिशात. आल्याबरोबर वाकून नमस्कार केला. आपल्या माणसासारखं मराठी बोलतो. "काका, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत," म्हणाला. चहा घेतला. मशीन कधी आणलं, ती किती वेळा आली, एकटीच आली का, सगळं आस्थेनं विचारलं. पेटी उघडून बघितली. झाकणाच्या आतल्या कप्प्यात हात घातला तर काही कागद होते. मी म्हटलं, असतील तिचे. त्यानं वाचले, परत नीट घातले आणि पेटी घेऊन गेला.

ताई, मला वाटतं त्यांच्यात मिटलं असावं. बायकोची वस्तू न्यायला जो माणूस भर उन्हात समाहून इथे रावपुऱ्यात माझ्या दुकानावर येतो, तो अगदीच तसा नसणार. घर जोडलेलं राहिलं तर सगळ्यांनाच बरं. वहीत नीराच्या नावावर काट मारली.

तुझा,
जयवंत

इंदूर
१५ मे १९९८

जयवंत,

पेपर तपासायला मी चार आठवडे भोपाळला होते. तुझी दोन्ही पत्रं आज एकत्र हातात पडली. एप्रिलचं आधी वाचलं आणि "घरी आण, मृदुलाशी मी बोलते" असं उत्तर मनात तयार झालं. मग दुसरं फोडलं.

त्या कप्प्यात तिची प्रमाणपत्रं होती. शाळेचं, पदवीचं, टायपिंगच्या परीक्षेचं, अबोलीचा जन्मदाखला आणि मागाहून ठेवलेलं आमच्या संस्थेचं पत्र. फेब्रुवारीत तुझ्याकडे पाठ करून बसली होती ती ते ठेवायला. तिच्या घरात तिचं असं एक कपाट नाही. सासू गाद्यासुद्धा उसवून बघते. बडोद्यात तिला एकच जागा सुरक्षित वाटली, तुझं दुकान. ती मशीन नेत नव्हती कारण ते तिथे असणं हेच तिला हवं होतं. निघायच्या दिवशी रिक्षा तुझ्या दारात थांबवणार होती.

कागदांचं मी तुला मुद्दाम सांगितलं नाही. तू मनाचा चांगला, पण तुझ्या जिभेला हाड नाही, म्हणून. ही माझी चूक. पण कार्ड पाठवू नकोस हे मी दोनदा लिहिलं होतं. घरात तिनं मशीन भंगारात दिल्याचं सांगितलं होतं, तेही लिहिलं होतं. एका पेटीला तुझ्या घरात जागा नव्हती? डोक्याखाली घेऊन झोपायचंस.

तो वाकून नमस्कार करतो हेसुद्धा मी तुला लिहिलं होतं, जयवंत.

आत्ता, हे पत्र हातात असतानाच, समाला जा. काहीही निमित्त कर. नीराला डोळ्यांनी बघ आणि मला कळव.

जिजा

बडोदे
२२ मे १९९८

ती. जिजाताईस,

तुझं पत्र परवा आलं. तसाच उठलो. रिबनची डबी राहिली होती असं निमित्त केलं.

सोसायटी चांगली आहे, झाडंबिडं आहेत. दार सासूबाईंनी उघडलं. मी डबी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. "नीरा माहेरी गेली आहे," म्हणाल्या. कधी, विचारलं. "झाले पाच दिवस." अबोली? "तीपण." आणि दार लावून घेतलं. आत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज झाला, मोलकरीण असेल.

मी जिन्यावर बसलो आणि देवाचे आभार मानले. माहेर म्हणजे तूच. म्हणजे ती तुझ्याकडे पोचली असणार. कागद नसले तरी माणूस सुटलं, कागद परत काढता येतील. तुझी आणि माझी पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून जातात, तशी ती तुझं पत्र निघाल्यावर पोचली असेल. तिला माझा नमस्कार सांग आणि मला माफ करायला सांग.

दुकान वीसला मोकळं करून दिलं. राहिलेल्या सात पेट्या घरी आणल्या. जागा झाली, ताई. सातांना झाली.

जयवंत

इंदूर
२७ मे १९९८

जयवंत,

ती इथे आलेली नाही.

एक तारखेच्या बसनं निघते आहे. दोनला सकाळी स्टँडवर ये.

जिजा

बडोदे
२४ जून १९९८

ती. जिजाताईस,

तुला परतीच्या बसमध्ये बसवून तीन आठवडे होत आले. रोज पत्र लिहायला घेतो. मृदुला म्हणते, लिहा एकदाचं, नाहीतर जेवा तरी.

मला समाचं ते दार सारखं दिसतं. आपण दोघं तासभर उभे होतो आणि मग नीरा आली. उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत. मी चाळीस वर्षं माणसांची बोटं बघत आलो आहे, कोण दोन बोटांनी टाइप करतो, कोण दहा, हे मला हात बघून कळतं. त्या पट्टीत बोटं नीट वेगळी नव्हती, हेही कळलं. "दारात सापडला, मामी," ती म्हणाली. तू पोलीस चौकीतून माणूस आणलास, तर त्याच्यासमोरही तेच, आणि वर "मी इथे सुखात आहे, तुम्ही परत जा." यशराज मागे उभा राहून आपल्याला बसायला सांगत होता, सरबत घ्या म्हणत होता.

तू घरात गेलीस, मला दाराशीच उभं केलंस. मग बाहेर आलीस. बसस्टँडपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. वाटलं, पोस्टकार्डामुळे. ताई, पोस्टकार्डाचं तुला माहीत आहे. त्याहून वाईट गोष्ट आहे आणि ती मी नऊ मेच्या पत्रात लिहिली नाही. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशी यशराज चहा पीत होता. म्हणाला, "नीराला मशीन अचानक दाखवून खूश करायचंय." मी भरून पावलो. मला बोलायला लागतं कुणीतरी, तुला माहीत आहे, त्या महिन्यात तर दुकानात माणूस नव्हतं. मी म्हटलं, "छान केलंत. नाहीतरी एक जुलैला इंदूरला जायचं तर मशीन बरोबर असलेलं बरं. मुलीलाही तिकडची शाळा मानवेल." मला वाटलं, मिटलं आहे म्हणजे त्याला सगळं ठाऊक असणार, त्याच्या संमतीनंच चाललं असणार. तो कप तोंडाशी धरून थांबला. मग हसला आणि म्हणाला, "हो ना. तारीख बघता बघता येईल." त्यानंतर त्यानं झाकणाच्या कप्प्यात हात घातला. त्याआधी नाही. माझ्या बोलण्यानंतर.

कागदांवरून त्याला पुढेमागे कळलंच असतं, असं मी स्वतःला सांगून बघतो. पण तो नुसती पेटी घेऊन घरी गेला असता, तर ती काहीतरी बोलून सावरून घेऊ शकली असती. मी तिला तेवढंही ठेवलं नाही. तारीख, गाव, मुलगी, सगळं त्याच्या हातात दिलं, आणि वर त्याला पेटी सुतळीनं बांधून दिली.

मला शिव्या दे. माझं तोंड बघणार नाही म्हण. पण काहीतरी लिही.

जयवंत

इंदूर
५ जुलै १९९८

जयवंत,

तुझ्या पत्रातलं मला नवीन काही नव्हतं. मला ते दोन जूनलाच कळलं होतं.

घरात गेल्यावर सासू सरबताला म्हणून उठली. यशराज चौकीतल्या माणसाला निरोप द्यायला खाली गेला. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात तेवढा वेळ एकट्या होतो. मी म्हटलं, आत्ता चल, अंगावरच्या कपड्यांनी चल. ती म्हणाली, "अबोलीला त्यांनी कुठे ठेवलंय ते मला सांगत नाहीत. कुणा नातेवाइकाकडे आहे एवढंच सांगतात. ते सांगतील तोवर मी इथून हलणार नाही." प्रमाणपत्रं त्यानं तिच्यासमोर जाळली, गॅसवर, एकेक करून. हाताचं मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

मग तिनं विचारलं, "मामी, त्या काकांना एक जुलै कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, मी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नऊ वर्षांची असताना ती माझ्या दारात ट्रंक घेऊन उभी राहिली होती आणि मी म्हटलं होतं, इथे तुला कुणी काही करणार नाही. तसं पाहिलं, जयवंत. मग सासू सरबत घेऊन आली.

तुला जे सांगायला हवं होतं, म्हणजे त्या कप्प्यात काय आहे, ते मी लपवलं. आणि जे कुणालाही सांगायचं नव्हतं ते पहिल्याच पत्रात सविस्तर लिहून पाठवलं, गावासकट, तारखेसकट. मला काय गरज होती? मशीन नीट कर एवढं लिहिलं असतं तरी तू केलं असतंस. पण मी एकटी बाई, जे मनात येतं ते कागदावर उतरवून मोकळी होते. तुला दुकानात बोलायला माणूस लागतं, मला पत्रात लागतं. आपल्या दोघांच्या त्या एका खोडीत ती पोर सापडली. तुला मी माफ करत नाही. स्वतःलाही करत नाही. हे सांगून टाकलेलं बरं.

एक जुलैला यादीतली दुसरी मुलगी रुजू झाली. आमच्या कचेरीत बसते. बिचारी फार हुशार आहे. मी तिकडून जात नाही.

अबोलीचा शोध मी लावते आहे. यशराजची एक बहीण भरूचकडे आहे, एक सुरतेला. मी शाळेतून रजा काढली आहे, दोन्हीकडे जाणार आहे. त्यात तू पडू नकोस, कुणाकडे चौकशी करू नकोस, कुणाशी बोलू नकोस.

तुला एकच काम आहे आणि ते नीरानं सांगितलेलं आहे. मी सरबताचा पेला हातात घेताना ती हळूच म्हणाली होती, गुरुवारी सकाळी दहाला सासू दत्ताच्या देवळात जाते, तेव्हा ती गच्चीवर कपडे वाळत घालते. समोरचा रस्ता तिथून दिसतो. "काकांना म्हणावं, तिकडून जात जा. मला बरं वाटेल."

दर गुरुवारी दहा वाजता त्या रस्त्यानं जा. पाऊस असो, ताप असो. थांबू नकोस, हात हलवू नकोस. एकदा वर बघ, ती दिसली की तसाच घरी जा.

आणि मला पत्र लिहू नकोस. खुशाली नको, माफी नको, आज कशी दिसली तेही नको. पोस्टमन माझ्या दारावरून पुढे गेला की मी समजेन, ती या गुरुवारी होती.

ज्या गुरुवारी ती दिसणार नाही, त्या दिवशी तार कर.

जिजा